खोक्यात गेम आहे की नुसती किल्ली, ते वरच छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या खरेदीवरील आपल्या पुरवणीत मुलांसाठी गेमिंग कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र) घेणाऱ्या पालकांना ‘डिस्क ड्राइव्ह नसलेले मॉडेल घ्या, दहा हजार रुपये वाचतील’ असा सल्ला दिलेला आहे. हिशेब चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा कन्सोल घरी आल्यावर दर गेममागे वसूल होतो आणि तो कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

त्याआधी एक खुलासा. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाल्यापासून ‘आता गेमवर बंदी आली ना?’ असे पालक सर्रास विचारतात. ती बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. कन्सोलवर विकत घेऊन खेळायच्या गेमचा तिच्याशी काही संबंध नाही. वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली कोंबू नयेत, एवढीच विनंती.

आता दहा हजारांकडे वळू. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले, फरक दहा हजारांचाच राहिला. पण सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमची किंमत याच पिढीत चार हजारांवरून पाच हजारांवर गेली. ४,९९९ रुपयांचा गेम डिस्कवर घेतला, महिनाभरात संपवला आणि समजा ३,००० रुपयांना पुढे विकला, तर तो पडला दोन हजारांना. असे चार गेम झाले की दहा हजारांचा फरक भरून निघून वर दोन हजार सुटतात. बिनडिस्कच्या कन्सोलवर घेतलेला तोच गेम विकता येत नाही, मावसभावाला आठवडाभर देता येत नाही, आवडला नाही तर बदलून घेता येत नाही. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम परत करायला चौदा दिवस मिळतात खरे, पण डाउनलोड एकदा सुरू केला की तो हक्क संपतो. म्हणजे कसा आहे ते न बघताच परत करायचा! संगणकावरच्या गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात निदान दोन तासांच्या आत खेळून बघून, चौदा दिवसांत परत करता येतो.

ऑनलाइन दुकानात सेल लागतात, जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, हे मान्य. ज्याला नवा गेम पहिल्या दिवशी नको असतो आणि जो वर्षभर थांबू शकतो, त्याला बिनडिस्कचा कन्सोल परवडतो. एकाच घरात दोन कन्सोल असतील तर एका खात्यावरचा गेम दोन्हीकडे चालवता येतो, हाही डिजिटलचा खरा फायदा आहे. पण सेल कधी लावायचा, किती सूट द्यायची हे ठरवणारे दुकान एकच असते. संगणकावर एकच गेम चार दुकानांत मिळतो, त्यामुळे भाव खाली येतात. कन्सोलवर कंपनीचे स्वतःचे दुकान सोडून दुसरे दुकान नाही, आणि त्या दुकानातल्या विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा कन्सोल कंपनीकडे जातो. पूर्वी बाहेरचे दुकानदार डाउनलोडचा कोड तरी विकायचे. १ एप्रिल २०१९ पासून सोनीने पूर्ण गेमचे कोड दुकानांतून विकणे बंद केले, तेव्हा तेही संपले. सोनीच्या दुकानाशी स्पर्धा करणारी एकच वस्तू आता बाजारात उरली आहे, ती म्हणजे डिस्क. नवी आणि जुनीसुद्धा.

ही डिस्क कंपन्यांच्या डोळ्यांत किती सलते, याचा इतिहास फार जुना नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला: नव्या डबीत एकदाच चालणारा कोड, आणि जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे भरायचे. इतकी नाराजी झाली की २०१३ मध्ये तो गुंडाळावा लागला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा आपला नवा कन्सोल दाखवला, त्यात दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावण्याची अट होती आणि डिस्क पुढे देण्यावर बंधने होती. सोनीने लगेच एक छोटासा व्हिडिओ काढला. गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात ठेवली, संपला व्हिडिओ. लोक हसले, मायक्रोसॉफ्टने जूनमध्येच माघार घेतली. आज त्याच सोनीचा सर्वांत महाग कन्सोल, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो, ड्राइव्हशिवाय विकला जातो. जे दांडगाईने जमले नाही, ते गोडीगुलाबीने जमवले.

त्याहून चलाख प्रकार म्हणजे डिस्क विकायची, पण तिच्यात गेम ठेवायचाच नाही. इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. पहिल्या दोन प्लेस्टेशनवर गेम थेट डिस्कवरून चालायचा. प्लेस्टेशन ४ पासून डिस्कवरचा सगळा माल आधी आतल्या हार्ड डिस्कवर उतरवला जातो, कारण ब्लू-रे, म्हणजे या गेमची डिस्क, वाचण्याचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. प्लेस्टेशन ५ ची आतली साठवण सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, ब्लू-रे त्याच्या आसपासही पोहोचत नाही. एकदा माल उतरला की डिस्कचे काम फक्त ‘मालक हजर आहे’ एवढे सांगण्याचे. इथवर तक्रार नाही, कारण माल डिस्कवर असतो आणि इंटरनेट नसले तरी गेम उभा राहतो. प्लेस्टेशन ५ च्या एका डिस्कवर १०० जीबी मावतात. तरीही २०२२ मधल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबींच्या आसपास माल निघाला, आणि २०२५ मधल्या ‘डूम : द डार्क एजेस’ च्या डिस्कवर सुमारे ८५ एमबी. फोनवर काढलेल्या मिनिटभराच्या व्हिडिओएवढा. बाकीचा सगळा गेम इंटरनेटवरून ओढायचा.

‘गेम मोठे झाले, मावत नाहीत’ हे कारण सांगितले जाते. पटत नाही. ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’ फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन डिस्कवर आला: पहिली माल उतरवण्यापुरती, दुसरी खेळताना आत ठेवायची. ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्ससाठी एकाहून जास्त डिस्कवर निघाला. निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलवर ‘सायबरपंक २०७७’ ६४ जीबींच्या कार्डावर पूर्ण बसवला. ज्यांना द्यायचे असते ते देतात. दुसरी डिस्क छापायला पैसे लागतात आणि ते वाचवायचे असतात, हे सरळ सांगितले तर निदान प्रामाणिकपणा दिसेल.

प्रामाणिकपणाच्या बाबतीत इथे निन्टेंडोला गुण द्यावे लागतात. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी त्यांनी ‘गेम-की कार्ड’ काढले. कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड आत लावायचे. व्यवस्था मला आवडत नाही, पण असे कार्ड निदान पुढे विकता येते, आणि मुख्य म्हणजे डबीच्या पुढच्या बाजूलाच, खालच्या पट्टीवर, हे किल्लीचे कार्ड आहे आणि पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागेल, हे छापलेले असते. गिऱ्हाइकाला काउंटरवरच कळते. बाकीच्यांच्या डब्यांवर हीच सूचना मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, सात-आठ चिन्हांच्या गर्दीत असते.

हे सगळे आपल्याकडे जास्त का बोचते? १०० जीबींचा गेम ४० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर, वेग एकदाही न पडता, उतरवायला साडेपाच तास लागतात. शहरात ठीक आहे. पण ज्या गावात घरातले इंटरनेट म्हणजे मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा, तिथे तोच गेम पन्नास दिवसांचा डेटा खातो. तोवर घरातल्या इतरांनी काय करायचे? पूर्ण माल असलेली डिस्क तासाभराच्या आत-बाहेर काम उरकते. शिवाय हा खर्च एकदाचा नसतो. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबी असे लिहिलेले असले तरी वापरायला ६६७ जीबी मिळतात, म्हणजे मोठे गेम सहा-सात. आठवा आला की एक पुसायचा, आणि पुसलेला परत खेळावासा वाटला की पुन्हा १०० जीबी. यावर उपाय आहे: यूएसबी ३ ची, किमान २५० जीबींची बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि गेम पुसण्याऐवजी तिच्यावर हलवा. प्लेस्टेशन ५ चा गेम त्या हार्ड डिस्कवरून थेट चालत नाही, खेळताना परत आत आणावा लागतो, पण डेटा वाचतो. प्लेस्टेशन ४ चे गेम मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवरूनही चालतात, तेव्हा ते सगळे तिकडेच ठेवा.

भारनियमनाचा भाग असेल तर आणखी एक गोष्ट. गेम उतरत असताना वीज गेली की पुढच्या वेळी कन्सोल ‘नीट बंद केला नव्हता’ अशी कुरकुर करून तपासणी करतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. गेमची चिन्हे गायब झाली किंवा मेनू अडखळू लागला, तर कन्सोल पूर्ण बंद करून पॉवरचे बटण दुसरी बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड हा दुरुस्तीचा मेनू उघडतो. कंट्रोलर केबलनेच जोडा, ब्लूटूथ तिथे चालत नाही. पाचवा पर्याय डेटाबेस नव्याने बांधण्याचा आहे, त्यात गेम आणि सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) पुसले जात नाहीत. त्याच्या खालचे रीसेटचे पर्याय घाईत दाबू नका. खेळताना हा कन्सोल २०० वॉटच्या आसपास वीज घेतो; ६०० व्हीएचा साधा यूपीएस टीव्हीसकट काही मिनिटे धरतो, गेम सेव्ह करून बंद करायला तेवढे पुरे.

डिस्कवर गेम खरोखर आहे की नाही हे तपासायची पद्धत सोपी आहे, आणि दुकानदार तयार असेल तर त्याच्या काउंटरवरही करता येते. कन्सोलचे इंटरनेट सेटिंगमधून बंद करायचे. तो गेम आधी उतरवलेला असेल तर पुसायचा. डिस्क घालायची आणि माल उतरू द्यायचा. पट्टी पूर्ण भरली की गेमच्या चिन्हावर ऑप्शन्सचे बटण दाबून माहिती उघडायची; तिथे आवृत्तीचा आकडा दिसतो. मग गेम सुरू करायचा आणि नुसत्या मुखपृष्ठावर समाधान मानायचे नाही, पहिला टप्पा खेळून बघायचा. काही गेम सुरुवातीची शिकवणी तेवढी डिस्कवर देतात आणि खरा खेळ सुरू व्हायच्या वेळी डाउनलोडची पाटी लावतात. पाटी आली की समजायचे, हातात किल्ली आहे, घर दुसऱ्याच्या नावावर आहे.

जुनी डिस्क घेणाऱ्यांसाठी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, आणि हल्ली बहुतेक व्यवहार सोसायटीच्या नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मध्यातून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे फारसा त्रास देत नाहीत. गोलाकार, डिस्कच्या कडेला समांतर जाणारा खोल ओरखडा मात्र नको, कारण तो वाचनाच्या रेषेबरोबरच धावतो. मधल्या भोकाजवळ तडा असेल तर फुकटही घेऊ नका. आणि टूथपेस्ट लावून घासायची जुनी युक्ती इथे अजिबात करायची नाही. सीडीत माहितीचा थर वरून सव्वा मिलिमीटरच्या आसपास खोल असतो, डीव्हीडीत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, पण ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो आणि त्यावर कडक लेप असतो. घासले की आधी लेप जातो, मग माहिती. पुसायची असेल तर चष्म्याच्या मऊ फडक्याने, मध्यातून बाहेर, एवढेच. डबीतला जादा मालाचा कोड पहिल्या मालकाने वापरलेला असतो असे गृहीत धरूनच भाव करा. ‘कम्प्लीट एडिशन’ असे छापलेले असेल तर सगळे डिस्कवर आहे की कोडात, ते विचारा. आणि एक लक्षात असू द्या: डिस्क विकणे वेगळे, भाड्याने देणे वेगळे. संगणकप्रणाली व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १४ ने हक्कधारकाकडेच ठेवलेला आहे.

दुबईहून मामाने किंवा अमेरिकेतून आत्याने आणलेली डिस्क चालते का? प्लेस्टेशन ५ चे गेम देशानुसार कुलूपबंद नसतात, त्यामुळे डिस्क चालते. अडते ते पुढे. त्या गेमचा जादा भाग भारतातल्या खात्यावरून घेतला तर डिस्कचा विभाग आणि खात्याचा विभाग जुळावा लागतो. नाही जुळला तर पैसे जातात आणि माल दिसत नाही. परदेशातून परत येणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानात घ्यावे: प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा नोंदवला की बदलता येत नाही. तिकडचे खाते, तिकडचे चलन, तिकडचेच कार्ड. डिस्कवरच्या गेमची मुख्य प्रत तेवढी कुठल्याही खात्यावर चालते.

घरात आधीपासून प्लेस्टेशन ४ आणि त्याच्या डिस्कचा गठ्ठा असेल, तर बिनडिस्कचे नवे मॉडेल म्हणजे तो गठ्ठा रद्दीत घालणे. जवळजवळ सगळे जुने गेम नव्या कन्सोलवर चालतात, काहींची सुधारित आवृत्तीही मिळते, पण त्यासाठी जुनी डिस्क आत घालावी लागते. ड्राइव्हच नसेल तर घालणार कुठे? एप्रिल २०२४ पासून भारतात मिळणाऱ्या ‘स्लिम’ मॉडेलला ड्राइव्ह मागाहून जोडता येतो, मात्र सुटा ड्राइव्ह आपल्या शहरात कितीला आणि केव्हा मिळेल हे कन्सोल घ्यायच्या आधी विचारा. तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेट असावेच लागते. ड्राइव्ह आणि कन्सोलची जोडी कंपनीच्या सर्व्हरवर नोंदल्याशिवाय चालत नाही. पहिल्या जाड मॉडेलमध्ये तर ड्राइव्हवरचा छोटा बोर्ड मुख्य बोर्डाशी बांधलेलाच आहे. ड्राइव्हची मोटर किंवा लेन्स बिघडली तर कारागीर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये मूळ बोर्ड बसवून देऊ शकतो, पण बोर्डच जळाला तर बाजारातून आणलेला पूर्ण ड्राइव्ह डिस्क वाचणार नाही. चाचेगिरी रोखायला हे केले असेल. भुर्दंड मात्र प्रामाणिक गिऱ्हाइकाला. सेव्हचेही तेच: प्लेस्टेशन ४ चे सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येत होते, प्लेस्टेशन ५ च्या गेमचे तसे सुटे येत नाहीत. सुटे जपून ठेवायचे तर प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी भरा. स्वतःच्या खेळाची नोंद अशी सुटी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊ न देण्यामागे मला तरी वर्गणीशिवाय दुसरे कारण दिसत नाही.

कंपन्यांची बाजू नाहीच असे नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीची जी कागदपत्रे उघड झाली, त्यांत एकेका मोठ्या गेमचा खर्च २० कोटी डॉलरहून जास्त दिसला. जुनी डिस्क चार हातांतून गेली तर बनवणाऱ्याला पैसे एकदाच मिळतात, हेही खरे. पण ही वाचलेली रक्कम बनवणाऱ्यांच्या पदरात पडते का? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ताब्यात घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये १,९०० लोक कमी केले. पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९००. मे महिन्यात टँगो गेमवर्क्स हा मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओ बंद करायचे जाहीर झाले, ज्याच्या ‘हाय-फाय रश’ या गेमचे वर्षभर कौतुक चालले होते. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीची सर्वांत वरची श्रेणी ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत महिना २० डॉलरवरून एकदम ३० डॉलर झाली. डिस्क गेल्या, वर्गण्या आल्या, आणि गेम बनवणारे घरी गेले. तेव्हा ‘जुनी डिस्क घेऊन तुम्ही कलावंताच्या पोटावर पाय आणता’ हे आम्हाला ऐकवू नये.

आणि दुकान बंद झाले की काय? निन्टेंडोने वी यू आणि थ्री-डीएस या आपल्या जुन्या यंत्रांचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केले, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे २९ जुलै २०२४ ला. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करायचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. बंद झालेल्या दुकानांत फक्त डाउनलोडवर निघालेले जे गेम होते, त्यांतले बरेचसे नव्याने विकत घ्यायचा अधिकृत मार्ग त्या दिवशी संपला. युबिसॉफ्ट या कंपनीच्या ‘द क्रू’ चे त्याहून वाईट झाले. २०१४ चा हा मोटारींचा गेम डिस्कवर होता, एकट्याने खेळता येत होता, पण प्रत्येक वेळी सर्व्हरशी जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि कपाटातल्या डिस्क निरुपयोगी झाल्या. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि तिच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. दबावाचा परिणाम होतो: ‘द क्रू २’ ला त्याच कंपनीने २०२५ मध्ये इंटरनेटशिवाय खेळायची सोय दिली. म्हणजे करता येत होते.

जुना प्लेस्टेशन ४ घेणाऱ्यांनी एक तपासणी विसरू नये. त्याच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. तो संपला आणि इंटरनेटवर लॉगिन झाले नाही, तर डिस्कवरचे गेमसुद्धा सुरू होत नव्हते, कारण ट्रॉफीच्या (खेळातल्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या बक्षिसांच्या) नोंदीसाठी कन्सोलला वेळेची खात्री लागायची. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० या आवृत्तीने हा दोष गेला. सेटिंगमधल्या सिस्टिम माहितीत आकडा बघा, ९.०० च्या खाली असेल तर आधी अपडेट करा, मगच पैसे द्या.

मागणी फार मोठी नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा केला की डिजिटल वस्तू विकताना ‘विकत घ्या’ म्हणायचे असेल तर प्रत्यक्षात फक्त परवाना मिळतो हे ठळकपणे सांगायचे. कायमचा, इंटरनेटशिवाय चालणारा डाउनलोड देणाऱ्यांना त्यातून सूट आहे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, आणि ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी देणारी नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. डबीच्या बाबतीत तर नवा कायदासुद्धा नको. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात केलेल्या प्रत्येक गेमच्या डबीवर आजही एक स्टिकर लागतो: आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीचा फोन. त्याच स्टिकरवर एक ओळ वाढवायची. डिस्कवर किती जीबी माल आहे, डाउनलोड किती करावा लागेल, आणि इंटरनेट एकदा लागेल की कायम. दोन आकडे आणि एक शब्द. स्टिकर छापणाऱ्याला शाईचाही फरक पडणार नाही. ऑनलाइन विक्रेत्यांनी हीच ओळ किमतीच्या शेजारी द्यावी. ग्राहक व्यवहार विभागाने आयातदारांना तसे कळवावे, आणि ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी त्याचा पाठपुरावा करावा. गिऱ्हाइकांनी तोवर, ‘पूर्ण गेम’ सांगून विकलेल्या डिस्कवर गेम निघाला नाही तर बिल, डबीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि डाउनलोडच्या पाटीचा फोटो जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

ज्यांनी बिनडिस्कचा कन्सोल आधीच घेतला आहे, त्यांनी आज एवढे करावे. सेटिंगमध्ये वापरकर्ते आणि खाती, त्यात ‘अदर’, त्यात ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ सुरू आहे ना ते बघावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे नेटवर्क जगभर जवळपास २४ तास बंद होते, तेव्हा हे सुरू असलेल्या कन्सोलवर डाउनलोड केलेले एकट्याने खेळायचे गेम चालत राहिले. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत, कारण सगळे गेम त्या एका खात्यावर आहेत आणि फोन हरवला की खातेही अडकते. खाते मुलाच्या शाळेच्या ईमेलवर काढलेले असेल तर मुलाने शाळा सोडायच्या आत ईमेल बदलून घ्यावा.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे